बर्नोबाईंनी संगणक बांधिला त्याची हकीकत

सकळ गुणिजनांचे सेवेसी बखरनविसाचा मुजरा. कोकंद शहरी, खानांच्या जुन्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, द्राक्षवेलाच्या मांडवाखालील घरी जी मोहीम जाहली तिजविषयी बाजारात नाना वावड्या उठल्या. कोणी म्हणे सुनेने सासूस जिंकिले, कोणी म्हणे सासूने सुनेस, आणि कोणी तर ऐसेही म्हणे की दोघींनी मिळून ताश्कंद लुटिले. सबब खरे काय आणि खोटे काय ते निवडून, कोणाची भीड न धरिता, कोणाच्या घरचा पुलाव न स्मरता, घडले तैसे लिहून ठेवितो. वाचून खातरजमा करावी.

बर्नोबाई ही मूळची नमंगानची लेक. माहेरी असता गल्लीत एक संगणकखाना होता, जेथे तासाचे पैसे भरून पोरे खेळावयास बसत, आणि तेथे बर्नो व तिचा धाकटा बंधू लोचिन यांची जोडी ऐसी गाजली की ती दोघे शेजारी शेजारी येऊन बसली म्हणजे समोरचे आधीच खुर्च्या सोडून उठत. बहीण पुढे चाल करी आणि भाऊ पाठ राखी. मग बर्नो लग्न होऊन कोकंदास आली, आणि लोचिन पोटामागे कोरियात मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गेला, आणि तेव्हांपासून बहीणभावांचे बोलणे फोनवर होई ते ऐसे:

"जेवलास?"

"जेवलो."

"थंडी आहे?"

"आहे."

"बरं."

आणि मग दोघेही फोनकडे पाहत बसत. समोरासमोर बोलण्याची त्यांस सवयच नव्हती. खांद्यास खांदा, नजर पडद्यावर, बोटे कळफलकावर, ऐसे असले म्हणजे त्यांच्या पोटातले ओठांवर येई. एरवी येत नसे. हे शल्य बर्नोबाईंचे मनी होते, आणि मोहिमेचे खरे कारण हेच.

आता सासरचे वर्णन करणे प्राप्त. पती राजमान्य राजश्री एलबेकजी दंतवैद्य, स्वभावे गाईसारखे गरीब. परक्याची दाढ उपटिताना त्यांचा हात कधी कापला नाही, परंतु मातुश्री आणि पत्नी यांपैकी एकीची बाजू घेण्याचा प्रसंग आला की त्यांस तत्काळ एखादा रोगी आठवे आणि ते दवाखान्याकडे कूच करीत. आणि मातुश्री म्हणजे तीर्थरूप होसियतबाईसाहेब, ज्यांनी उभी हयात शाळेच्या मुदपाकखान्याची मुखत्यारी केली, ज्या खरबूज हातात तोलून आतली गोडी सांगत, आणि ज्यांस लांबून येताना पाहून मंडईतले भाजीवाले आधीच भाव उतरवून ठेवीत. त्यांस घरी सगळे 'ओयी' म्हणत, म्हणजे आई. परंतु म्हणण्याचा सूर 'हुजूर' ऐसाच असे.

त्या शहरी बायकांची भिशी असते. दर महिन्यास एकीच्या घरी जमावे, जेवावे, आणि सर्वांनी घातलेली रक्कम पाळीपाळीने एकीच्या पदरी पडावी, ऐसा शिरस्ता. त्या भिशीस तिकडे 'गप' म्हणतात, परंतु तेथे कोणी गप बसल्याचे दफ्तरी नमूद नाही. तर शरद ऋतूत, द्राक्षे उतरवून जाहली ते समयी, सासूसुना दोघी दुसऱ्या एकीच्या घरी गपेस बसल्या असता पाळी बर्नोबाईंची आली, आणि शेजारच्या तुर्सुनोयबाईंनी, ज्यांस सगळ्या 'ओपा' म्हणजे ताई म्हणत आणि ज्यांस दुसऱ्याच्या पैशांचा विनियोग ऐकण्याचा भारी शौक, पुसिले:

"काय घेणार मग? गालिचा की झुबे?"

"संगणक," बर्नो म्हणाली.

"एलबेकच्या दवाखान्यासाठी होय?"

"नाही ओपा. मला खेळायला. आणि तयार नाही आणणार. एकेक भाग निवडून आणणार आणि घरी स्वतः जोडणार."

ते समयी गपेत प्रथमच सारे गप जाहले. बारा जणींचे चहाचे कटोरे बारा ठिकाणी थांबले. मग तुर्सुनोयबाई हळहळून म्हणाल्या, "अगं, मूल होईपर्यंत तरी थांबायचं. मग त्याच्या नावावर घेतला असतास!" आणि सगळ्या खो खो हसू लागल्या, आणि बर्नोबाईंचे कान तांबडे जाहले.

होसियतबाईसाहेबांच्या मनात त्या पैशांतून नव्या गाद्या आणि पलंगपोस यावयाचे होते, हे सर्वश्रुत. सुनेचे बोलणे त्यांसही आजच कळले होते. परंतु घरच्या माणसास घरात टोचावे, चव्हाट्यावर दुसऱ्यास टोचू देऊ नये, हा त्यांचा राजधर्म.

"माझ्या घरात काय यायचं ते मी ठरवते, तुर्सुनोय," त्या बोलिल्या. "तू चहा पी. गार होतोय."

मग घरी परत येताच फर्मान सुटले, ते येणेप्रमाणे: संगणक आणणे तर आणावा; परंतु बैठकीच्या भिंतीत चिनी मातीची भांडी मांडिली आहेत, त्या कोनाड्यांपैकी मधल्या कोनाड्यात तो बसला पाहिजे; पाहुण्यांस पाहून ओशाळे वाटेल ऐसे ध्यान नसावे; आणि खरेदीस जातीने आम्ही येऊ, कारण या घराण्यात आमच्यावाचून ताश्कंदात कोणी सुईदेखील घेतली नाही. एलबेकजी हे ऐकून चटकन उठले. त्यांस रोगी आठवला.

मग मसलतीस आरंभ जाहला. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, आणि त्याची दोन थोर घराणी, एक निळे आणि एक लाल, ज्यांचे अनुयायी एकमेकांच्या पंक्तीस बसत नाहीत. लोचिन निळ्याचा कट्टर अभिमानी. बर्नोबाईंनी त्यास फोन लाविला.

"ओपा, निळं घे. डोळे मिटून घे," लोचिन म्हणाला.

"डोळे मिटून घेतलं म्हणूनच तुझ्या मागच्या लॅपटॉपचा तवा झाला. त्यावर भाकरी भाजता आली असती."

"त्याचा पंखा खराब होता!"

"पंखा नाही, अक्कल."

"लाल घेतलंस तर मी ओळख दाखवणार नाही, सांगून ठेवतो."

"आत्ता तरी कुठे दाखवतोस? महिन्यातून एकदा फोन करतोस."

हे थट्टेत म्हटले, परंतु थट्टेत गेले नाही. मग लोचिन म्हणाला, "घे लाल. पण रविवारी चालू पाहिजे. मला तेवढीच सुट्टी असते. मी इथल्या संगणकखान्यात जागा धरून ठेवतो." आणि येणेप्रमाणे लाल घराण्याचा मेंदू मुक्रर जाहला.

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी सुनेस समोर बसवून आज्ञा केली की, आम्ही रणांगणी येणार, तर गनीम कोण आणि आपले सरदार कोण ते आम्हांस समजले पाहिजे.

"हा मेंदू, ओयी. आणि हा ज्याच्यावर बसतो ती मोठी पाटी, तिला मदरबोर्ड म्हणतात."

"मदर म्हणजे?"

"आई."

होसियतबाईंचे तांदुळावरचे बोट थांबले. "आणि बाकीचे?"

"बाकीचे सगळे तिच्यावरच बसतात. तिच्यावाचून कुणाचं कुणाशी बोलणं होत नाही."

"हं. नाव देणाऱ्याला घरसंसार ठाऊक आहे. तिच्यावर कंजूषी करायची नाही."

"ओयी, तिथे थोडी काटकसर चालते. खरा खर्च ग्राफिक्स कार्डावर करायचा. चित्रं तेच काढतं. सगळ्यात महाग तेच, सगळ्यात जास्त वीज तेच खातं, आणि सगळ्यात आधी तेच तापतं."

"म्हणजे सून," सासूबाई म्हणाल्या, आणि तांदूळ निवडू लागल्या.

मग सुमुहूर्ती, पहाटेस, पांढऱ्या भाड्याच्या मोटारीत दोघी स्वार जाहल्या, बरोबर शिदोरीस तंदुरातली नान आणि उकडलेली अंडी, आणि दरकूच कामचिकचा घाट चढून, पलीकडे उतरून, ताश्कंदास दाखल जाहल्या. तेथील संगणकांचा बाजार तो काय वर्णावा! दुकानास दुकान लागलेले, काचेमागे पंखे लाल-निळा-जांभळा उजेड टाकीत गरगरताहेत, खोक्यांवर खोकी रचून बुरूज उभारिले आहेत, आणि दारोदारी पोरे 'या ओपा, या अका', म्हणजे या ताई, या दादा, ऐसा पुकारा करिताहेत. जे जिन्नस बर्नोबाईंनी आजवर फोनच्या पडद्यावर पाहिले, ज्यांचे आकडे पाढ्यांसारखे पाठ केले, ते हाताच्या अंतरावर पाहून तिला हसू फुटले आणि ते काही केल्या आवरेना. ती एका खोक्यावरून हात फिरवी, मग दुसऱ्यावरून, मग पुन्हा पहिल्याकडे येई, आणि उगीच हसे. होसियतबाईंनी कोपराने ढोसले.

"दात मीट. तू हसलीस की भाव चढतो."

झाफर नामे एक दुकानदार, कोरीव दाढीचा, गोड गळ्याचा, त्याने दोघींस आत घेतिले आणि बसावयास स्टुले दिली.

"मुलासाठी ना, ओपा? हा तयारच घ्या. नऊ पंखे आहेत, सगळे चमकतात."

"मुलासाठी नाही. मला हवाय. आणि तयार नको, भाग हवेत."

झाफरने तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिले. "अका गाडी लावतायत का?"

"अका दाढा काढतायत, कोकंदात," होसियतबाई म्हणाल्या. "तू हिच्याशी बोल. नाहीतर तुझी दाढ काढायची वेळ येईल."

मग युद्धास तोंड लागले. मेंदू पहिल्याच हल्ल्यात हाती आला. मदरबोर्डावरून मात्र आपल्याच छावणीत तंटा उपस्थित जाहला, कारण सून मधल्या दर्जाची मागे आणि सासू वरच्या दर्जाची, "आईवर कंजूषी?" ऐसे सासूबाईंनी भर दुकानात विचारिले, आणि दुकानातील सर्व गिऱ्हाइके बर्नोबाईंकडे पाहू लागली. अखेर तह ठरला की पाटी वरच्या दर्जाची घ्यावी, परंतु वरचा फरक होसियतबाईंनी झाफरकडूनच वसूल करावा. त्यांनी तो वसूल केला. कसा, ते झाफरलाही संध्याकाळपर्यंत उमगले नाही. रॅम जोडीने घेतात हे ऐकून त्या संतुष्ट जाहल्या. डिस्क, पडदा, कळफलक ही किरकोळ फौज बोलता बोलता हाती आली. आणि वीजपुरवठ्याची पेटी आली, तेव्हां त्यांनी ती बर्नोच्या हातून घेतली, तळहातावर तोलिली, डोळे मिटिले आणि परत केली.

"पोकळ आहे. दुसरी दाखव."

"खाला, यात काय वजन बघायचं? वॉट बघतात," झाफर म्हणाला.

"नाही, ओयी बरोबर बोलतात," बर्नो हरखून म्हणाली. "स्वस्त पेटीत तांबं कमी घालतात. ती हलकीच लागते." आणि तिने सासूकडे ऐशा नजरेने पाहिले की जणू आजच ओळख जाहली.

मग निर्वाणीचा प्रसंग, ग्राफिक्स कार्ड. झाफरने आतून एक खोके आणिले, वर चिकटपट्टी कोरी, आणि भाव ऐसा सांगितला की ऐकूनच संशय यावा. बर्नोबाईंनी कार्ड बाहेर काढून उलटे धरिले, पंख्यांच्या पात्यांआड डोकावून पाहिले, आणि तिचे हसू प्रथमच थांबले.

"झाफर अका, स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे आहेत. आत धूळ आहे. हे नवं नाही, कुठल्या तरी गोदामात वर्षभर राबून आलंय."

"छे छे ओपा! जरा हाताळलेलं आहे, इतकंच."

"ओयी, चला."

"चला कशाला?" सासूबाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून दुकानाच्या ऐन दारात मांडून बसल्या. "माझे पाय दुखतात. मी बसते." मग पदराच्या गाठीतून अंडे काढिले, सोलिले, आणि जे जे गिऱ्हाईक उंबऱ्याशी येई त्यास मायेने म्हणू लागल्या, "ये बाळा, ये. धूळ तेवढी बघून घे हो." अंडे अर्धे खाऊन जाहले नसेल तो झाफरने शरणागती पत्करिली, आणि वरच्या फळीवरचे खरेखुरे नवे कार्ड, एक पायरी चढे, तीन पंख्यांचे, लांबलचक, त्याच भावात आणून बर्नोबाईंच्या मांडीवर ठेविले. तिने खोके छातीशी धरिले आणि हसली ती खोकला येईपर्यंत हसली, आणि या खेपेस सासूबाईंनी दात मिटावयास सांगितले नाही, कारण त्याही हसत होत्या.

याच आनंदात घात जाहला. पेटी निवडणे राहिले होते, ज्यात हे सर्व सरदार नांदावयाचे. होसियतबाईंनी कनवटीचा दोरा काढिला, ज्यास कोनाड्याच्या मापाच्या गाठी मारिल्या होत्या, आणि पंधरा पेट्यांस लावून एक पांढरी, काचेच्या दाराची, देखणी पेटी पसंत केली. कोनाड्यात ती फुलपात्रासारखी बसली असती. कार्ड किती लांब आणि पेटीत किती लांबीचे मावते, हे दोन आकडे ताडून पाहणे बर्नोबाईंचे काम होते. बाकी सर्व आकडे तिने ताडिले होते. हे ताडिले नाहीत. ती तेव्हां खोक्यावरचे चित्र पाहत होती.

परतीस घाटात मोटार थांबली, तेथे दोघींनी खारट दह्याच्या वाळक्या गोळ्या घेतिल्या, आणि ड्रायव्हरने सामान मागे टाकू म्हटले तेव्हां मदरबोर्ड सासूबाईंनी मांडीवरून हलू दिला नाही. "आई डिकीत जात नसते," त्या म्हणाल्या, आणि उतारास लागताच सुनेच्या खांद्यावर डोके टेकून घोरू लागल्या. बर्नो अंग न हलविता कोकंदापर्यंत तशीच बसली.

दुसरे दिवशी, शनिवारी, बैठकीत चादर अंथरून बांधणीस आरंभ जाहला. एलबेकजींनी आपली दात पाहावयाची बत्ती पत्नीच्या कपाळी बांधिली आणि स्वतः वाटीत स्क्रू धरून बसले. बर्नोबाईंनी मेंदू दोन बोटांत धरून त्याच्या जागी ठेविला, तेव्हां घरात कोणी श्वास घेतला नाही. मग रॅम जोडीने बसली, मग पाटी पेटीत चढली, मग तारा ओविल्या, आणि सर्व ठीक होत आले, आणि मग तिने ते लांबलचक कार्ड उचलून आत घातले, आणि ते अडले. तिरके करून पाहिले, अडले. उलट बाजूने घालून पाहिले, अडले. दोन बोटे जागा कमी पडत होती. पेटीच्या पुढल्या अंगास जुन्या तऱ्हेच्या डिस्कांकरिता एक लोखंडी कप्पा ठोकून बसविला होता, त्यावर कार्डाचे नाक आपटत होते.

बर्नोबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरे दिवशी रविवार. लोचिनने जागा धरिली असणार.

"लहान कार्ड घे. हे बदलून आण," सासूबाईंची आज्ञा जाहली.

"झाफर आता आपल्याला दारात उभं करणार नाही. आणि हे कार्ड मी देणार नाही. पेटी बदला."

"पेटीला काय झालं? चांगली आहे. कोनाड्यात बसते."

"कोनाड्यात बसते, पण कार्ड तिच्यात बसत नाही! पेटी तुम्ही निवडलीत, ओयी."

"आणि मापं कोणी पाठ केली होती? मी?"

त्या घरी सुनेने आवाज चढविल्याचे पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. ओसरीवरची मांजरदेखील उठून गेली. दोघी एकमेकींकडे पाहीनात. मग दोघींनी, एकाच वेळी, एलबेकजींकडे पाहिले. एलबेकजींनी स्क्रूंची वाटी चादरीवर ठेविली.

"मला एक पेशंट..." ते म्हणाले, आणि उठून गेले.

बर्नोबाईंनी कपाळीची बत्ती सोडून चादरीवर ठेविली. तिला कार्डाचे रडू येत नव्हते. कार्डापेक्षा नवरा उठून गेला याचे येत होते. सासूबाईंनी उगीच पडदा सारखा केला.

आणि मग फाटक वाजले आणि एलबेकजी परत आले. बगलेत कातडी पेटी, जीत सोन्याचे दात घासावयाचे त्यांचे हातयंत्र, आणि त्याच्या टोकी पोलाद कापणारी चकती. ते धापा टाकीत होते, कारण दवाखान्यापर्यंत आणि परत ते धावत आले होते.

"ओयी, पेटी छान आहे," ते म्हणाले. "आणि बर्नोचं कार्डही बरोबर आहे. अडवतोय तो हा कप्पा. त्याचा काही उपयोग आहे का, बर्नो?"

"नाही. हल्ली कुणी वापरत नाही."

"मग मी तो कापतो."

"कोरी पेटी कापणार?" सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत." हा शब्द एलबेकजींनी मातुश्रींसमोर हयातीत प्रथम उच्चारिला, आणि उच्चारून त्यांसच ठसका लागला, परंतु ते थांबले नाहीत. "लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरात काही मागितलं नाही, ओयी. आता एक मागितलंय. ते कापून छोटं नाही करायचं. पूर्ण लांबीचं बसलं पाहिजे."

होसियतबाईंनी मुलाकडे पाहिले. मग यंत्राकडे. मग बराच वेळ कोनाड्याकडे.

"अंगणात घे," त्या म्हणाल्या. "माझ्या गालिच्यावर लोखंडाचा भुगा पडला तर याद राख. आणि आधी आतलं सगळं बाहेर काढा, माझी आई आहे त्यात."

मग बर्नोबाईंनी सर्व सरदार एकेक करून उतरवून घेतिले, आणि द्राक्षवेलाच्या मांडवाखाली रिकामी पेटी आडवी निजविली, आणि एलबेकजींनी बत्ती कपाळी बांधून चकती चालविली. सवयीने पेटीस म्हणाले, "घाबरू नका, थोडंसं दुखेल." ठिणग्यांचा पाऊस उडाला, चारी खिळे तुटले, आणि कप्पा दाढेसारखा उपटून हाती आला. मग त्यांनी रबरी चाकाने कडा ऐशा घासिल्या की तेथे बाळाचे बोट फिरविले तरी ओरखडा उठू नये. बर्नोबाई हे पाहत उभी होती, आणि तिचे ते बाजारातले हसू परत आले, आणि एलबेकजींचे कान लाल जाहले.

बाकी सरदार पुन्हा जागी चढले, आणि कार्ड बसले. 'खट्' ऐसा आवाज जाहला, आणि तो घरातल्या तिघांनीही ऐकिला. मग सासूबाई बिस्मिल्ला म्हणाल्या, सुनेने कळ दाबिली, आणि पंखे फिरले, आणि पांढऱ्या पेटीत इंद्रधनुष्य उतरले.

"रंग बदलता येतो का?" होसियतबाईंनी पुसिले.

"कुठलाही."

"मग पडद्यांसारखा कर. डाळिंबी." आणि डाळिंबी जाहला.

रविवारी लोचिन कोरियातल्या खुर्चीवर आणि बर्नोबाई कोकंदातल्या गादीवर, कानांवर हेडफोन चढवून, दोघे रणात उतरली. प्रारंभी बर्नोबाईंचा हात जड चालला आणि ती लागोपाठ दोनदा पडली.

"ओपा, सासरी जाऊन तुझी बोटं नान थापण्यात गेली!" लोचिन हसत होता.

"थांब रे. लाल मेंदू आत्ता कुठे जागा होतोय."

मग जागा जाहला. ती पुढे चाल करी आणि तो पाठ राखी, पूर्ववत. मागे होसियतबाई पलंगपोसास सुई घालीत बसल्या होत्या, त्या हळूहळू पुढे सरकल्या, आणि "तो टोपीवाला, तो! सोडू नकोस मेल्याला!" ऐशा आज्ञा देऊ लागल्या. त्या गदारोळात, शत्रूच्या बुरुजाखाली दोघे दबा धरून असता, लोचिन म्हणाला,

"ओपा, डावीकडे एक आहे. मला इथं मुळीच करमत नाही."

"दिसला. माहीत आहे मला," ती म्हणाली. नजर पडद्यावरून हलली नाही. "कधीपासून?"

"आल्यापासून. कुणाशी बोलत नाही मी. उजवीकडून येतोय बघ."

"घेतला. वसंतात ये घरी. तिकिटाचं बघू. मागून ये माझ्या, पुढे जाऊ नकोस."

"तू आहेस ना पुढे?"

"आहे."

आणि बुरूज पडला. बर्नोबाईंनी डोळे पुसिले, आणि सासूबाईंनी, ज्यांस फक्त एका बाजूचे बोलणे ऐकू येत होते, काही न विचारिता चहाचा कटोरा तिच्या हाताशी सरकविला, आणि म्हणाल्या, "त्याला विचार, जेवला का."

पुढे सोमवारी सकाळी होसियतबाई अंगण झाडीत होत्या, तो भिंतीवरून तुर्सुनोयबाईंचे डोके वर आले. बर्नोबाई आत कणीक मळीत होती. खिडकी उघडी होती.

"कापण्याचा आवाज येत होता शनिवारी. जोडायला कुठला कारागीर, कुठला उस्ता बोलावला होता? ताश्कंदचा?"

"बोलावायचा कशाला? आमच्या घरात आहे उस्ता."

"एलबेक? त्याला संगणकातलं काय कळतं?"

"एलबेक कसला! त्यानं लोखंड कापलं. बांधला माझ्या बर्नोनं. एकेक तार तिनं ओवली. त्या ताश्कंदच्या चोराचं कार्ड नुसतं उलटं धरून ओळखलं हिनं."

"अगं बाई! मग पाठव की तिला जरा. आमच्या नातवाचा संगणक महिनाभर बंद पडलाय."

"पाठव काय? उस्ता आहे ती. आधी विचारावं लागेल, तिला वेळ आहे का."

आत बर्नोबाईंचे हात कणकेत तसेच राहिले.

येणेप्रमाणे कोकंदची मोहीम फत्ते जाहली. लाल मेंदू, वरच्या दर्जाची आई-पाटी, जोडीची रॅम, वजनदार वीजपेटी आणि तीन पंख्यांचे कार्ड ऐसे पाच सरदार मधल्या कोनाड्यात सुखरूप नांदताहेत, आणि त्यांच्या जागी असलेली चिनी भांडी स्वयंपाकघरात रवाना जाहली. बर्नोबाईंस 'उस्ता' हा किताब बहाल जाहला. त्याची सनद नाही, शिक्का नाही, आणि देणारीने तो समोरासमोर अद्याप एकदाही उच्चारिला नाही, उलट खिडकीशी येऊन, "कणीक किती वेळ मळशील?" ऐसेच विचारिले. तरी किताब खरा धरावा. ऐकणारीने खरा धरिला आहे. बखरनविसाने आपल्या कानांनी ऐकिले ते लिहिले, आणि दौत झाकून ठेविली.